बार्शी लाईटचं आठ जोडचाकांचं इंजिन: मॉडेलसाठी माप, साल आणि रंग कसे पक्के करायचे?

रुळकरी_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कुर्डुवाडीहून जाणाऱ्या जुन्या बार्शी लाईट या नॅरो गेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल करायचं आहे. माप १:४५, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. पुरावा म्हणून हाताशी एकच फोटो आहे, पोस्टकार्डाएवढा, कडेने पिवळा पडलेला. इंजिन पुढून तिरकं दिसतंय. कपलिंग रॉडने जोडलेली चार चाकं या बाजूला मोजता येतात, केबिनच्या मागे कोळशाच्या बंकरखाली आणखी दोन लहान चाकं आहेत. बाजूला पाण्याच्या टाक्या, वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) नाही. इंजिनामागे एक मालडबा पूर्ण दिसतो. बफर बीमवरचा (इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीवरचा) नंबर ३ आहे की ८, ते कळत नाही. फोटोच्या पाठीवर शाईने 'पंढरपूर' एवढंच लिहिलंय.

विचारायचं ते असं: इंजिन नेमकं कुठलं? फोटो कुठल्या सालाच्या आसपासचा? मापं कुठून आणायची? रंग कुठला द्यायचा? आणि आठ जोडचाकांची चेसिस घरी करताना कशाची काळजी घ्यायची? मुंबई-पुण्याच्या फेऱ्या करायची तयारी आहे, पण नेमकं काय मागायचं ते आधी कळलं तर बरं.

---

कुर्डुवाडी_यार्ड

तुम्ही सांगताय ती चाकांची मांडणी ०-८-४. पुढे वाहक (नुसता भार पेलणारी) चाकं नाहीत, मधे आठ जोडचाकं, मागे चार. टाक्या इंजिनावरच, म्हणजे टँक इंजिन. बार्शी लाईटचा 'ए' वर्ग हाच. इंग्लंडातल्या लीड्सच्या किटसन कंपनीने अशी पाच इंजिनं बांधली. तरी एक खात्री करून घ्या. सिलिंडरच्या खाली किंवा पुढे एखादं लहान चाक सावलीत लपलेलं नाही ना, ते भिंगाने बघा. असेल तर हे 'ए' नव्हे. नंतर आलेल्या २-८-२ इंजिनांना स्वतंत्र टेंडर होता, त्यामुळे तो घोटाळा तुमच्या फोटोत होणार नाही.

हे इंजिन असंच का, ते समजून घेतलंत तर मॉडेल करताना पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतील. या लाईनचे कर्ते इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्यांचा हट्ट असा की इंजिन असो, डबा असो, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळसुद्धा पुरतो. म्हणून आठ जोडचाकं, म्हणून बंकरखाली बोगी, म्हणजे चार लहान चाकांचा फिरता गाडा. सहा आस गुणिले ५ टन, म्हणजे भरलेलं इंजिन ३० टनांच्या आत बसलं पाहिजे. कुठल्या कागदावर याहून जास्त वजन दिसलं, तर तो कागद दुसऱ्या इंजिनाचा समजा.

सालासाठी ठिकाण हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. कुर्डुवाडी ते बार्शी लाईन १८९७ ला सुरू झाली. पंढरपूरला ती १९०६ ला पोचली, लातूरला १९११ ला, मिरजेला १९२७ ला. १९५४ ला सरकारने लाईन ताब्यात घेतली. फोटो खरंच पंढरपूरचा असेल तर १९०६ च्या अलीकडचा, हे एक टोक पक्कं झालं. पण पाठीवरच्या शाईवर एकदम विश्वास नको. ते गाव फोटो काढल्याचं आहे, फोटोवाल्याचं आहे की मालकाचं, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. फोटोत फलक, पाण्याचा स्तंभ, फलाटाचं छप्पर यातलं जे दिसतंय, ते पंढरपूरच्या दुसऱ्या जुन्या फोटोशी ताडून बघा. आणि कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव 'बार्शी रोड' होतं, हेही ध्यानात असू द्या. फलकावर 'बार्शी' एवढाच तुकडा दिसला म्हणून ते बार्शी गाव ठरत नाही.

दुसरं टोक इंजिनावरच्या सामानातून मिळतं. पुढचा दिवा तेलाचा असेल तर त्याच्या डोक्यावर धूर जायला छोटी चिमणी असते. विजेचा असेल तर बॉयलरवर किंवा धुराड्याजवळ टर्बो-जनरेटरचं (वाफेवर वीज करणाऱ्या यंत्राचं) पिंप आणि त्याला जाणारी बारीक वाफेची नळी दिसेल. टाकीवर कंपनीची अक्षरं आहेत की मध्य रेल्वेची, हेही बघा.

नंबराच्या मागे फार लागू नका. मोठ्या दुरुस्तीला इंजिन आलं की बॉयलर उतरवतात आणि तयार असलेला दुसरा चढवतात. बॉयलरवरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर यांची फारकत तिथेच होते. कारखान्याची पितळी पाटी केबिनच्या पत्र्याला किंवा सिलिंडरला स्क्रूने बसवलेली असते आणि तीही अदलाबदल होते. प्रत्यक्ष इंजिन समोर असेल तर कपलिंग रॉडच्या टोकावर आणि फ्रेमवर ठोकलेले आकडे बघायचे, तीन ठिकाणी एकच आकडा मिळाला तर मानायचा. फोटोत ते दिसणार नाहीत. त्यामुळे '३ की ८' यावर महिने घालवण्यापेक्षा 'अमुक सालाच्या सुमाराचं ए वर्गाचं इंजिन' एवढं ठरवा आणि मॉडेलवरची प्रत्येक वस्तू त्या सालाशी जुळते का ते तपासत जा. तसं पाच इंजिनांचा वर्ग आहे म्हटल्यावर मूळ क्रमांक १ ते ५ मध्ये असणं साहजिक, म्हणून माझं झुकतं माप ३ ला. पण कागद मिळेपर्यंत पाटी रंगवू नका.

---

काळापांढरा

रंगाबद्दल थोडक्यात. कारखान्याचा अधिकृत फोटो मिळालाच, तर त्यावरून रंग ठरवू नका. फोटोत बारकावे नीट उठावेत म्हणून कारखाने इंजिनाला तेवढ्यापुरता फिकट राखाडी बिनचमकीचा रंग देत, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा मारत, कधी कधी फक्त कॅमेऱ्याकडच्या बाजूला. फोटो झाला की खरा रंग.

तुमच्याकडच्या जुन्या प्रिंटचा सापळा वेगळा. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना लाल रंग दिसतच नसे. लाल बफर बीम काळा येतो, निळा फिकट येतो, हिरवा मधला. म्हणजे फोटोत बीम आणि धुराडं सारखंच काळं दिसलं म्हणून बीम काळा होता असं होत नाही. उलट बीमवरचा नंबर पांढरा आणि त्याला आणखी गडद सावली दिसत असेल, तर बीम लाल असण्याचीच शक्यता धरा. पिवळेपणा कागदाचा असतो, तो स्कॅनमध्ये काढून टाकला तरी हरकत नाही.

स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर मांडलेल्या इंजिनांचे रंग तर बघूच नका. ते त्या वर्षी डब्यात जो रंग होता त्याचे.

---

दप्तरखाना

कागदांचं मी सांगतो. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. मॉडेलसाठी लागणारी मापं एका प्रकारच्या कागदात असतात आणि इंजिनाचा इतिहास दुसऱ्या. मापांसाठी 'डायग्रॅम बुक'मधलं एक पान पुरतं: बाजूचं रेखाचित्र, चाकांचे व्यास, आसांमधली अंतरं, सिलिंडर, बॉयलरचा दाब, प्रत्येक आसावरचा भार. त्याहून बारीक हवं असेल तर कारखान्याचं 'जनरल अरेंजमेंट' चित्र. इतिहासासाठी इंजिनाचं हिस्ट्री बुक, बॉयलर रजिस्टर आणि इंजिन मोडीत काढल्याचा आदेश.

किटसनचा कारखाना १९३८ ला बंद झाला. त्यांची चित्रं, साचे आणि नाव रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्स या कंपनीने घेतलं. म्हणून इंग्लंडात कुठेही विचारताना दोन्ही नावांनी विचारायचं. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला आणि लीड्सच्या औद्योगिक संग्रहालयाला ईमेल करा. त्यात 'बार्शी लाईटबद्दल काही आहे का' असं लिहू नका. बांधणारी कंपनी, ग्राहक रेल्वे, चाकांची मांडणी, गेज २ फूट ६ इंच, वर्ग 'ए', आणि हवं ते चित्र, एवढं एका ओळीत द्या. तिथली सूची कंपनी आणि ऑर्डरप्रमाणे लावलेली असते, इंजिनाच्या भारतातल्या नंबराप्रमाणे नसते. प्रतीचे पैसे लागतील. मागवण्याआधी चित्राचं मूळ माप आणि स्कॅन किती डीपीआयचा (इंचामागे किती ठिपक्यांचा), ते विचारून घ्या. मोठं चित्र कमी डीपीआयने मागवलं तर रिव्हेट मोजता येत नाहीत.

छापील बातम्यांत चांगलं खाद्य आहे. कॅलथ्रॉप यांनी हे सामान भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता मार्ग टाकून चालवून दाखवलं होतं. त्या वेळच्या लंडनच्या इंजिनिअरिंग साप्ताहिकांनी अशा गोष्टी आकृत्यांसकट छापल्या आहेत आणि जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. १८९६ ते १८९८ चे अंक विषयसूचीतून चाळा. नुसतं 'कॅलथ्रॉप' शोधलंत तर पॅराशूटांचा ढीग येईल. हाच माणूस पुढे 'गार्डियन एंजल' नावाच्या पॅराशूटसाठी गाजला! शोधताना सोलापूरचं जुनं इंग्रजी 'शोलापूर' हे रूप घ्या आणि कुर्डुवाडीऐवजी 'बार्शी रोड'.

मुंबईत फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेख आहे. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याची रेल्वेची दप्तरं वर्षवार लावली आहेत. 'बार्शी लाईट' असं मागून कुणी काही काढून देणार नाही. आधी त्या वर्षाच्या सूचीतून खंडाचा आणि फाईलचा क्रमांक काढायचा, मग मागणीपत्र भरायचं. ओळखपत्र आणि अभ्यासाचा हेतू लिहिलेलं पत्र न्या. त्या फायलींत करार, जमीन, भाडं, तपासणीचे अहवाल असतात. इंजिनाचं चित्र मिळालं तर नशीब समजा, पण तपासणी अहवालात त्या वेळी लाईनवर कुठल्या वर्गाची किती इंजिनं होती हे मिळू शकतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल घरबसल्या बघता येतं, ते आधी बघा.

एक ठिकाण मात्र गाळा. जुनं मुंबई इलाख्याचं सोलापूर गॅझेटिअर १८८४ चं. बार्शी लाईट त्यानंतर तेरा वर्षांनी आली, तेव्हा त्यात ती असणार कुठून? जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मोठ्या लाईनसाठी ते ठीक आहे.

---

रुळकरी_सोलापूर

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. भिंगाने पाहिलं, पुढे वाहक चाक नाही. दिवा डोक्यावर चिमणी असलेला, म्हणजे तेलाचाच. बॉयलरवर पिंप नाही. टाकीवरची अक्षरं मात्र उन्हाच्या चमकेत गेलीत.

आता शंका मापांची. डायग्रॅम मिळेपर्यंत फोटोवरून आसांमधलं अंतर काढता येईल का? इंजिन तिरकं असल्यामुळे पुढची चाकं मोठी आणि मागची लहान दिसतात. सध्या स्कॅन ६०० डीपीआयला केला आहे.

---

मापदोरी

येतं की. तुमच्या फोटोत त्यासाठी लागणारी गोष्ट आयती आहे: मागचा डबा. बार्शी लाईटचे डबे एकाच मापाच्या फ्रेमवर बांधले होते, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. दाबून घडवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या त्या फ्रेम लीड्स फोर्ज कंपनीच्या. आधी तो डबा याच जातीचा आहे का बघा: दोन बोग्या, चार आस, आणि फ्रेमची बाजू मधे खोल, टोकांकडे निमुळती. तसं असेल तर फोटोतच ७६२० मिमीची पट्टी ठेवल्यासारखं आहे.

रीत अशी. स्कॅनवर जवळच्या रुळाच्या माथ्यावरून एक सरळ रेघ मारा. दुसरी रेघ इंजिनाच्या फूटप्लेटच्या (चाकांवरून लांबीने जाणाऱ्या आडव्या पत्र्याच्या) कडेवरून मारून मागे डब्याच्या शेवटापर्यंत वाढवा. प्रत्यक्षात या दोन्ही रेघा समांतर आहेत, त्यांच्यातली उंची सगळीकडे तीच. फोटोत मात्र ती मागे मागे कमी होत जाते. कुठल्याही जागी या दोन रेघांमधली उभी उंची पिक्सेलमध्ये मोजली आणि १ ला त्या आकड्याने भागलं, की ती जागा कॅमेऱ्यापासून किती खोल आहे त्याच्या प्रमाणातला आकडा मिळतो. दोन जागांच्या अशा आकड्यांतला फरक हा त्यांच्यातल्या खऱ्या अंतराच्या प्रमाणात असतो.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेतो. डब्याच्या मागच्या टोकाशी उंची २१० पिक्सेल, पुढच्या टोकाशी २६२. १/२१० वजा १/२६२ म्हणजे ०.०००९४५. हा फरक ७६२० मिमीचा. आता चौथ्या जोडचाकाच्या आसाशी उंची ३१८, पहिल्याशी ३५६. तो फरक ०.०००३३५७. त्रैराशिक मांडलं की पहिल्या ते चौथ्या आसाचं अंतर २७०६ मिमी. तीन समान टप्पे असतील तर प्रत्येकी ९०२ मिमी. टप्पे समान आहेत का, तेही याच रीतीने दुसऱ्या आणि तिसऱ्या आसावर तपासता येतं.

चूक कुठे होते? याच उदाहरणात ३१८ ऐवजी ३१९ मोजलं तर उत्तर तब्बल ८० मिमीने हलतं, तेही एका पिक्सेलने. म्हणून ६०० डीपीआय पुरणार नाही. प्रिंट काचेच्या निगेटिव्हवरून थेट, त्याच मापात काढलेली असेल तर १२०० ते २४०० डीपीआयला खरोखर जास्त तपशील मिळतो. मोठी करून काढलेली असेल तर कागदाचे धागेच मोठे दिसतील, फायदा नाही. रेघा एकदाच मारू नका. पाच-सहा वेळा नव्याने मारून सरासरी घ्या. दुसरी चूक म्हणजे कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला असणं. केबिनच्या उभ्या कडा फोटोत एकमेकींकडे झुकताना दिसल्या तर आधी त्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या करून घ्या, मग मोजा. तिसरी, फूटप्लेटची कड आणि जवळचा रूळ एकाच उभ्या प्रतलात नसतात, कड थोडी बाहेर असते. तिरकेपणा जास्त असेल तर यामुळे एखाद-दोन टक्के जातात.

शेवटी आलेलं माप इंचात बदला. ब्रिटिश चित्रात अंतरं फूट-इंचात असतात. तुमचं उत्तर कुठल्या तरी सरळ आकड्याजवळ आलं तर विश्वास वाढवा. चाकाच्या व्यासासाठी त्याच आसाशी चाकाची उभी उंची आणि रेघांमधली उंची यांचं गुणोत्तर घ्या. आडवा व्यास तिरकेपणाने आकसलेला असतो, तो घेऊ नका.

---

पितळपत्रा

मापाचा निर्णय चांगला आहे. खरं गेज २ फूट ६ इंच म्हणजे ७६२ मिमी, त्याला १६.५ ने भागलं तर ४६.२ येतात, म्हणजे १:४५ ला रूळ अर्धा मिमीसुद्धा अरुंद होत नाही. १:४८ ला खऱ्या मापात ३० मिमी रुंद गेज होईल, ब्रिटिश १:४३.५ ला ४४ मिमी अरुंद. डब्याची फ्रेम १:४५ ला १६९.३ मिमी लांब आणि ४७.४ मिमी रुंद. ती आधी पुठ्ठ्यात कापून रुळावर ठेवा, इंजिनाचा अंदाज लगेच येतो.

रुळाचं मात्र बघा. ३० पौंडी रुळाची उंची ३ इंचांच्या आसपास, म्हणजे १:४५ ला १.७ मिमी. बाजारात सहज मिळतो तो कोड १०० रूळ २.५४ मिमीचा. तो या मापात साडेचार इंची होतो आणि सगळी लाईट रेल्वे जी.आय.पी.ची मेन लाईन दिसायला लागते. कोड ७० घ्या, १.७८ मिमी.

चाकं आधी मागवा, चित्र नंतर काढा. तयार चाकांचे व्यास ठरावीकच मिळतात. खरं चाक २ फूट ६ इंच निघालं तर तुम्हाला १६.९ मिमी लागेल. मिळेल ते १७ किंवा १६.५. चाकाचा फ्लँज (रुळाच्या आतून जाणारी उंच कड) मॉडेलमध्ये प्रमाणापेक्षा मोठा असतो, त्यामुळे जवळजवळच्या आसांवर शेजारच्या चाकांचे फ्लँज एकमेकांना घासतात. तसं होत असेल तर व्यासाने थोडं लहान चाक घ्या. आसांमधलं अंतर वाढवू नका, नाहीतर सगळा बांधा लांबट दिसेल. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमी ठेवा.

चेसिसमध्ये सगळ्यात आधी कपलिंग रॉड. दोन्ही बाजूंचे रॉड एकावर एक झाळून एकत्रच भोकं पाडा, मग तेच रॉड साचा म्हणून धरून फ्रेमला आसांची भोकं पाडा. फ्रेम आधी केली आणि रॉड नंतर, तर चार आसांत कुठेतरी दशांश मिमीचा फरक पडतोच. मग चाक प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडखळतं. लोक त्याला मोटरचा दोष समजतात आणि मोटर बदलत बसतात. क्रँक पिनला (चाकावरच्या, रॉड अडकवायच्या खुंटीला) रॉडच्या भोकात ०.१ मिमी मोकळीक ठेवा. चार आसांचा रॉड एकसंध करू नका. खऱ्या इंजिनासारखा सांधे असलेला केला, तर चाकं उंचसखल रूळ धरतात.

दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये ९० अंशांचा कोन चारही आसांवर अगदी सारखा हवा. नेमका ९० नसून ८९ झाला तरी चालेल, पण चारही ८९ च हवेत. यासाठी छोटा जिग (चाकं त्या कोनात धरून ठेवणारा साचा) करून घ्या. आपल्याकडे सोलापुरात पूर्व भागात लूमचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत, पितळेच्या ठोकळ्यात नेमकी भोकं पाडून देणं त्यांना काही अवघड नाही. काम लहान म्हणून नको म्हणतील, तेव्हा आसांचे स्पेसर, धुराडं आणि डोम असं सगळं एकदम न्या.

वळणासाठी पहिला आणि चौथा आस घट्ट ठेवून मधल्या दोघांना दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी सरकायला जागा द्या. तरीही ६०० मिमीपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणाचा आग्रह धरू नका. मधल्या क्रँक पिना कनेक्टिंग रॉडच्या (सिलिंडरकडून चाकाला येणाऱ्या रॉडच्या) मागे आपटत नाहीत ना, ते चाक सगळ्यात बाहेर सरकवून बघायचं.

मागची बोगी हे या इंजिनाचं दुखणं ठरतं. बंकरमध्ये शिसं भरण्याचा मोह होतो कारण तिथे जागा असते. पण ते वजन बोगीवर जातं आणि जोडचाकं जागेवर फिरतात. शिसं बाजूच्या टाक्यांत आणि बॉयलरच्या पुढच्या भागात भरा. पूर्ण इंजिन दुसऱ्या आणि तिसऱ्या आसांच्या मधोमध बोटावर तोललं गेलं पाहिजे. बोगीला फक्त तिच्या स्वतःच्या वजनाइतका भार आणि वर हलकी स्प्रिंग, बस.

गिअरसाठी साधं गणित. १६.९ मिमीच्या चाकाचा परीघ ५३ मिमी. खरा वेग ताशी २५ किमी धरला तर मॉडेलला सेकंदाला १५४ मिमी, म्हणजे चाकाचे मिनिटाला १७५ फेरे. मोटर १२ व्होल्टला ८००० फेरे देत असेल तर १:४५ च्या आसपासचा गिअर लागतो. मी १:५० चा घेईन, हळू चालताना बरा.

बांध्याला २८ गेजचा पितळी पत्रा, म्हणजे ०.३८ मिमी, टाक्यांसाठी पुरतो. फ्रेमला मात्र एक मिमीचा. रिव्हेट मागून बोथट सुईने दाबून काढायचे, आधी पत्र्याला रेघ आखून आणि डिव्हायडरने समान टप्पे मारून. कापण्याच्या आधी हे करा. कापल्यावर अरुंद पट्टीला रिव्हेट दाबले की ती केळीसारखी वाकते. धुराडं, डोम रेझिनमध्ये छापलेत तरी चालतील, पण बॉयलर पितळेच्या नळीचाच ठेवा, वजन मिळतं. झाळल्यावर फ्लक्स खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर महिन्याभरात रंगाखालून हिरवं फुटतं. आणि सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी स्प्रे करू नका. चाळीसच्या वर पारा असताना रंग हवेतच सुकतो आणि पत्र्यावर खरखर बसते. पहाटे करा.

---

कुर्डुवाडी_यार्ड

@पितळपत्रा, सगळं मान्य. एका गोष्टीची पुस्ती. नेटवर लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेच्या इंजिनाचे किट दिसतात आणि 'हेच बार्शीचं' म्हणून कुणीतरी सुचवतो. १९०४ ची ती इंजिनंही किटसनचीच, गेजही २ फूट ६ इंच, इंजिनिअरही कॅलथ्रॉपच. पण ती २-६-४. पुढे वाहक चाकं आणि जोडचाकं सहाच. किटसनची घडण, केबिनची कड, झडपांची ठेवण यांच्या अभ्यासाला ठीक, पण त्यांची चेसिस उचलून आपल्या इंजिनाखाली घालू नका. नॅरो गेजच्या इंजिनाला हात लावून जवळून फोटो काढायचे असतील तर दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. इंजेक्टर, सँडबॉक्स, पायऱ्या यांचे बारकावे तिथे मिळतील. फोटो काढताना शेजारी एक फुटपट्टी धरा.

पाठीवरचं 'पंढरपूर' खरं धरलं, तर तेलाचा दिवा आणि पिंप नाही, यावरून तुमचा फोटो १९०६ नंतरचा पण विजेचे दिवे बसायच्या आधीचा, एवढं बसतंय. मॉडेलचा काळ तोच धरा.

---

दप्तरखाना

राहिलं ते माहितीच्या अधिकाराचं. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, ऑनलाइनही होतो. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, तेव्हा कुर्डुवाडी वर्कशॉपला वेगळा अर्ज आत्ताच नको.

अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. 'हे इंजिन केव्हा बांधलं' असं लिहिलं तर 'माहिती उपलब्ध नाही' हे एका ओळीचं उत्तर येतं आणि ते नियमाला धरूनच असतं. त्याऐवजी असं लिहा:

'पूर्वीच्या बार्शी लाईट रेल्वेच्या २ फूट ६ इंच गेजच्या ए वर्गाच्या ०-८-४ वाफेच्या इंजिनांसंबंधी आपल्या ताब्यातील पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: (१) इंजिन डायग्रॅम बुकातील या वर्गाचे पान, (२) या इंजिनांची हिस्ट्री बुके अथवा बॉयलर रजिस्टरमधील नोंदी, (३) ही इंजिने मोडीत काढल्याचे आदेश. यांपैकी एखादा अभिलेख नष्ट केला असल्यास तो नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मिळावी. तसेच वरील अभिलेखांच्या प्रत्यक्ष पाहणीची परवानगी मिळावी.'

शेवटचं वाक्य गाळू नका. पाहणीचा पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. जुनी डायग्रॅम बुकं मोठ्या कागदावर असतात आणि झेरॉक्स यंत्रात कडा कापल्या जातात. नेमकी बाजूची मापं त्या कडेलाच लिहिलेली असतात, म्हणून पान स्वतः बघून आकडे वहीत उतरवून घ्या आणि मग प्रत मागा.